सौरपंप आले, आता दुरुस्ती शिकवा

महोदय,

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे शिवाराशिवारात पॅनेल दिसू लागली आहेत. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची, बाकीचे अनुदान. दिवसा पाणी देता येते, मोटार चालू करायला रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून जावे लागत नाही. योजना चांगली आहे, ती टिकावी म्हणूनच हे पत्र.

पंप बसवायची जेवढी घाई झाली, तेवढी ते दुरुस्त करणारी माणसे घडवायची झाली नाही. अवकाळीच्या वाऱ्यात आमच्याकडे एका शेतकऱ्याची पॅनेल सांगाड्यासकट उलटली. पाच वर्षांची हमी आहे, विमा आहे, तक्रारही लगेच दिली. पण कंपनीचा माणूस येईपर्यंत विहिरीत पाणी असून उन्हाळी भुईमूग करपला.

गावच्या वायरमनने हात लावला नाही, आणि ते बरोबरच केले. त्याचे आयुष्य एसीवर, म्हणजे तारेतून येणाऱ्या, दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर गेले. फ्यूज काढला की लाइन मेली, हे त्याच्या अंगवळणी पडलेले. पॅनेलचे तसे नाही. खटका पाडला तरी ऊन आहे तोवर त्यांच्या वायरीत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा दाब असतोच, आणि ओळीने जोडलेल्या पॅनेलमध्ये तो काही शे व्होल्टवर जातो. आपल्याकडचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी तुटते. डीसीत भार चालू असताना कनेक्टर ओढला तर ती जळतच राहते. हे अंदाजाने करायचे काम नव्हे.

आयटीआयत सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. पण चाळिशीतला वायरमन किंवा रिवाइंडिंगवाला वर्षभर दुकान बंद ठेवून वर्गात कसा बसणार? पावसाळ्यात मोटारींचे काम मंदावते. तेव्हा तालुक्याच्या आयटीआयने त्यांच्यासाठी काही आठवड्यांची संध्याकाळची बॅच घ्यावी. कंपन्यांनी बदलून नेलेले निकामी कंट्रोलर (पॅनेलच्या विजेवर मोटार चालवणारे खोके) सरावासाठी तिथे द्यावेत. पुरवठ्याच्या करारातच तालुक्यागणिक स्थानिक प्रशिक्षित मेकॅनिकची अट असावी. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून मुले गावाला लागणारी कामे करत शिकत आली आहेत. मग हातात कसब असलेल्या वायरमनला शिकवायला काय अडचण आहे? कौशल्य विकास विभागाने येत्या पावसाळ्यातच सुरुवात करावी, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, जि. बीड