शुल्क माफ झाले, ओळख कोण देणार?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आई-वडिलांपैकी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नसताना अमेरिकेत एरोस्पेस अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थिनीविषयी नुकतेच वाचनात आले आणि मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आठवण झाली. तिचे वडील नागपुरात ऑटो चालवतात, ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला विमानाच्या सांगाड्याच्या कामात जायचे आहे.

गेल्या महिन्यात ती एका कंपनीच्या इंटर्नशिपचा अर्ज घेऊन माझ्या घरी आली. पावसाने भिजू नये म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले होते; कोऱ्या होत्या त्या फक्त 'या क्षेत्रातील दोन परिचित व्यक्तींची नावे व पद' या दोन ओळी. सोबत आलेल्या वडिलांनी मला विचारले, "मॅडम, आमच्या ऑटो स्टँडच्या अध्यक्षांचं नाव चालन का?" त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झाले, ती अजूनही आहे.

आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा लाभ मी जवळून पाहते आहे. परंतु अभियंत्याच्या घरातील मुलाला जेवताना जे सहज कानावर पडते, म्हणजे अर्ज केव्हा करायचा, कोणाला भेटायचे, प्रकल्प कोणता निवडायचा, ते अशा मुलीला सांगणारे घरात कोणीच नसते.

जाणत्या माणसाचा एक शब्द काय करू शकतो, हे अमेरिकी अंतराळवीर एलेन ओचोआ यांच्या आयुष्यात दिसते. विद्युत अभियांत्रिकीची चौकशी करायला गेल्या असता एका प्राध्यापकाने त्यांना नाउमेद केले. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने मात्र उत्तेजन दिले, म्हणून त्या तिकडे वळल्या. पुढे स्टॅनफर्डमधून विद्युत अभियांत्रिकीतच डॉक्टरेट मिळवून १९९३ मध्ये 'डिस्कव्हरी' यानातून अंतराळात जाणाऱ्या त्या पहिल्या लॅटिना ठरल्या आणि २०१३ ते २०१८ या काळात नासाच्या जॉन्सन अंतराळ केंद्राच्या संचालक होत्या. कोलंबियातून सतराव्या वर्षी अवघे तीनशे डॉलर घेऊन अमेरिकेत आलेल्या, पुढे नासात अभियंता झालेल्या डायना त्रुहियो यांनी घरे झाडून-पुसून शिक्षण केले. २०२१ मध्ये नासाचे 'पर्सिव्हरन्स' हे यान मंगळावर उतरले, त्याचे नासाचे स्पॅनिश थेट प्रक्षेपण त्यांनीच सादर केले. आपल्या बोलीत बोलणारी बाई त्या ठिकाणी उभी आहे, हे पाहून किती घरांतल्या मुलींना धीर आला असेल!

आपल्या नागपूरला तर हे क्षेत्र हाताच्या अंतरावर आहे. खापरीजवळच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात पूर्वी एअर इंडियाचा असलेला विमान देखभाल-दुरुस्ती प्रकल्प आहे, फाल्कन विमानांचे भाग तयार करणारा दसॉ-रिलायन्सचा कारखाना आहे, आणि बोइंगच्या ड्रीमलायनरच्या फरशीखालच्या तुळयाही इथे तयार झाल्या आहेत. तरीही खापरी मेट्रो स्टेशनच्या पलीकडे कधीही न गेलेल्या अभियांत्रिकीच्या कितीतरी मुली मला भेटतात.

म्हणून मिहानमधील विमान उद्योगांना आणि विदर्भातील महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कक्षांना माझी कळकळीची विनंती आहे की, इंटर्नशिपच्या जागा व तारखा प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर जाहीर व्हाव्यात, पहिल्या पिढीतील मुलींसाठी काही जागा विद्यावेतनासह राखून ठेवाव्यात आणि खापरीपासून कारखान्यापर्यंत जाण्यायेण्याची सोय व्हावी. पदवीधर शिकाऊ उमेदवारांच्या किमान विद्यावेतनातील निम्मा वाटा राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत केंद्र सरकार उचलते. तेव्हा निदान पदवीनंतरच्या वर्षासाठी तरी खर्चाची सबब पुढे येऊ नये. आणि अर्जावर ओळखीची नावे मागण्याची अट विद्यार्थ्यांपुरती काढूनच टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे वर्गशिक्षकांचे शिफारसपत्र पुरे व्हायला हवे.

त्या अर्जाच्या पहिल्या ओळीत मी माझे नाव लिहिले आहे, मी केवळ शाळेत गणित शिकवले असले तरी. दुसरी ओळ अजून कोरी आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या वाचकाने त्या मुलीशी अर्धा तास बोलून, तिची तयारी पारखून मगच तिथे आपले नाव द्यावे; माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
नागपूर