सिंफनी वाद्यांच्या बाजूने समजावून सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाश्चात्त्य अभिजात संगीतावर मराठीत जे छापून येते त्यात बेथोव्हेनचे बहिरेपण आणि मोत्झार्टचा अकाली मृत्यू हमखास असतो. सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधलेली अनेक भागांची रचना, घडली कशी, हे मात्र ‘हायडन हा सिंफनीचा जनक’ एवढ्यावर उरकले जाते. तेही अर्धेच खरे. हायडन १७६१ मध्ये हंगेरीतल्या एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत लागला, त्याआधीच इटलीतल्या मिलानमध्ये सामार्तिनी आणि जर्मनीतल्या मानहाइमच्या दरबारात योहान स्टामिट्झ हे संगीतकार सिंफन्या लिहीत होते. इटालियन ऑपेराच्या आरंभी वाजणारी जलद, संथ, जलद अशी तीन भागांची रचना हे तिचे मूळ. मिन्युएट हे नृत्य घालून चार भाग करण्याची रीत पुढे मानहाइममध्ये रुळली. एवढ्याशा सुरावटीतून अख्खा भाग उभा करणे हे हायडनचे खरे मोठेपण.

खानदेशातल्या वाचकाला यात शिरायची सोपी वाट आहे, ती म्हणजे वाद्ये. लग्नाच्या बँडमुळे ट्रंपेट आणि क्लॅरनेट आपल्याकडे गावोगाव ओळखीचे आहेत. बँडवाल्याच्या ट्रंपेटला तीन खटके असतात. ते दाबले की नळीची लांबी बदलते आणि हवा तो सूर निघतो. या खटक्यांचे पेटंट बर्लिनमध्ये १८१८ साली घेतले गेले. त्याआधीचे ट्रंपेट आणि हॉर्न (गोल वळवलेले, रुंद भोंग्याचे पितळी वाद्य) म्हणजे नुसती वळवलेली नळी. खालच्या अंगाला सा, प, सा, ग, प इतकेच सूर मिळायचे. वर गेल्यावर सूर जवळजवळ येतात, पण तिथे फुंक जरा चुकली की सूर फाटतो. हॉर्नवाले भोंग्यात हात घालून मधले सूर काढत, ते दबके निघत. पट्टी बदलायची तर एक जोडनळी काढून दुसरी बसवायची, आणि चालू वादनात त्याला सवड हवी.

ही अडचण रचनेत जागोजागी दिसते. हायडनने १७७२ मध्ये ४५ वी सिंफनी काळी तीनमध्ये (पट्ट्यांची नावे पेटीवरची) बांधली, तर त्या पट्टीच्या जोडनळ्या खास करून घ्याव्या लागल्या. मोत्झार्टची ४० वी (१७८८) पांढरी पाचमधली, कोमल गंधाराची. तिथे पांढरी पाचचा हॉर्न नेमका शुद्ध गंधार देतो, म्हणजे उपयोगाचा नाही. म्हणून पहिल्या भागात त्याने एक हॉर्न पांढरी पाचचा आणि दुसरा काळी पाचचा घेतला. दुसऱ्याचा षड्ज तोच पहिल्याचा कोमल गंधार! दोघांत मिळून त्याला हवे ते सूर मिळाले. ट्रंपेट आणि नगारे त्याने या सिंफनीत ठेवलेच नाहीत.

बेथोव्हेनची पाचवी (१८०८) पांढरी एकची. पहिल्या भागात पाऊण मिनिटाच्या आसपास हॉर्नची मोठी हाक येते, ती काळी दोनमध्ये, कारण हॉर्नला नळी त्याच पट्टीची लावलेली असते. पुढे तीच हाक पांढरी एकमध्ये परतते तेव्हा नळी बदलायला सवडच नसते, म्हणून ती बासून या लाकडी वाद्याला दिली आहे. नंतरच्या काही वाद्यवृंद-संचालकांनी ती हॉर्नकडे फिरवली. दोन्ही प्रकारची ध्वनिमुद्रणे मिळतात. लागोपाठ ऐकली की फरक लगेच कळतो.

तेव्हा विनंती अशी, की पुरवणीत सिंफनीवर लेख येईल तेव्हा संगीतकाराच्या चरित्राबरोबर किती वादक, कोणती वाद्ये, कोणती पट्टी आणि कितव्या मिनिटाला काय ऐकायचे हेही छापावे. बँडमास्तरांना आणि संगीत विद्यालयांच्या मुलांना त्याचा थेट उपयोग होईल.

ऐकण्याबद्दलही दोन गोष्टी सांगाव्यात. मोबाइलच्या स्पीकरवर चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्ये जवळजवळ गायब होतात. साधा का होईना, हेडफोन हवा. आणि सुटे भाग लावू नयेत. पाचवीचा तिसरा भाग संपत नाही, नगाऱ्याच्या हलक्या ठोक्यांवर तरंगत राहतो आणि तिथूनच न थांबता चौथा उसळतो. तोवर गप्प बसलेले तीन ट्रॉम्बोन (सरकत्या नळीची पितळी वाद्ये) तिथे पहिल्यांदा वाजतात. मध्ये जाहिरात आली की बेथोव्हेनने बांधत आणलेला सगळा ताण वाया जातो.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)