परीक्षेचा ताण आणि पोटाच्या तक्रारी

महोदय,

नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहणाऱ्या मुलांना परीक्षा जवळ आली की वारंवार शौचास लागते, पोटात कळा येतात, तर काहींचे पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही. दोष मात्र बहुधा मेसच्या जेवणाला दिला जातो. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असल्याने ताणामुळे जठराचे काम मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणूनच पेपरच्या सकाळी घास गिळवत नाही. हे ढोंग नव्हे, हे पालकांनी कृपया समजून घ्यावे आणि फोनवर गुणांआधी झोपेची, जेवणाची चौकशी करावी. शौचातून रक्त पडत असल्यास किंवा वजन घटत असल्यास मात्र दुखणे अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे. वसतिगृहचालकांनीही पहाटेच्या रांगा पाहून शौचालये वाढवावीत.

– एक पालक, लातूर