सेनेका, एपिक्टेटस आणि चारशे गुलाम

पुणे,
रविवार

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. स्टोइक मंडळींनी, म्हणजे मनावर ताबा ठेवायला शिकवणाऱ्या त्या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांनी, या कठीण वर्षात तुला सावरलं हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढे तू लिहितोस, ‘एक गुलाम आणि एक सम्राट एकाच विचाराचे मानकरी ठरले, याहून समतेचा मोठा दाखला कोणता?’ इथे मला गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझं म्हणणं एका अर्थी खरं आहे. यातला गुलाम एपिक्टेटस हिअरापोलिसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या पामुक्कलेचा. रोममध्ये तो एपाफ्रोडिटसचा गुलाम होता आणि हा एपाफ्रोडिटस स्वतःच गुलामीतून सुटून सम्राट नीरोच्या दरबारात चढलेला. गुलामीत असतानाच एपिक्टेटस स्टोइक शिक्षक मुसोनियस रूफसकडे शिकला. पुढे सुटका झाली, सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोमबाहेर हाकललं आणि मग त्याने ग्रीसमध्ये निकोपोलिसला शाळा काढली. त्याने स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही. शिष्य आरियनने टिपणं घेतली म्हणून आपल्याला तो कळला. ही शिकवण आपल्या हाती दिल्याबद्दल सम्राट मार्कस ऑरेलियसने आपला गुरू रस्टिकस याचे आभार मानलेत, तेही स्वतःच्या चिंतनाच्या वहीच्या अगदी सुरुवातीला. जगाचा धनी एका लंगड्या गुलामाकडून जगायला शिकतो, हे वाचताना माझेही डोळे भरून येतात.

पण हाच मार्कस इ.स. १६१ ते १८० असा १९ वर्षं गादीवर होता आणि माणसांचा बाजार चालूच राहिला. तो थांबवावा असं त्या वहीत कुठेही येत नाही.

आता इ.स. ६१ मधली हकीकत सांगतो. रोमन इतिहासकार टॅसिटसने ती लिहून ठेवली आहे. रोम शहराचा प्रीफेक्ट (मुख्य अधिकारी) पेडानियस सेकंडस याचा त्याच्याच घरातल्या एका गुलामाने खून केला. कारणं दोन सांगतात. एक, सुटकेची किंमत ठरवूनही मालकाने शब्द फिरवला. दुसरं, प्रेमातली स्पर्धा. जुना रिवाज असा, की मालकाचा घरात खून झाला तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. पेडानियसच्या घरात ४०० गुलाम होते. त्यांत बायका होत्या, पोरं होती आणि बहुतेकांचा खुनाशी काडीचा संबंध नव्हता. रोमची सामान्य जनता रस्त्यावर उतरली, तिने सिनेटला वेढा घातला. सिनेटमध्ये गायस कॅसियस हा नामांकित कायदेपंडित उभा राहिला. त्याचा युक्तिवाद असा, की आता आपल्या घरांत परदेशी जमातींचे लोक भरलेत, त्यांचे आचार वेगळे, देव वेगळे किंवा देवच नाहीत. असला जमाव भीतीशिवाय काबूत राहणार नाही. निरपराध मरतील हे त्यालाही मान्य होतं. काही जणांनी कुरकुर केली, पण उठून विरोध करायला कोणी धजला नाही. लोक दगड आणि मशाली घेऊन आडवे आले, तेव्हा नीरोने वाटेवर दुतर्फा सैनिक उभे केले आणि चारशेच्या चारशे जणांना वधस्थळी नेलं.

त्या वेळी नीरोचा सल्लागार होता स्टोइक तत्त्वज्ञ सेनेका. तोच सेनेका, ज्याची वाक्यं तू मला पाठवतोस. या प्रकरणात तो काही बोलला, असं टॅसिटस लिहीत नाही.

आणि यानंतर चार वर्षांच्या आत, दरबारातून बाजूला झाल्यावर, त्याने आपला मित्र ल्युसिलियस याला गुलामांविषयी पत्र लिहिलं. त्याच्या पत्रसंग्रहातलं ते सत्तेचाळिसावं. मंदार, ते नीट वाच. मालक पोट फुटेस्तोवर जेवतोय आणि भोवती गुलाम रात्रभर उपाशी, मुक्याने उभे आहेत. ओठ हलवायची परवानगी नाही. खोकला आला, शिंक आली, उचकी लागली तरी छडी. एक जण थुंकी पुसतोय, दुसरा मेजाखाली वाकून दारू प्यालेल्यांची घाण गोळा करतोय. ‘जितके गुलाम तितके शत्रू’ ही रोमन म्हण सांगून सेनेका म्हणतो, ते मुळात शत्रू नसतात, आपण त्यांना शत्रू करतो. ते गुलाम आहेत? नाही, माणसं आहेत.

इतकं सगळं त्याला दिसत होतं. ही दृश्यं ऐकीव नाहीत, तो अशा मेजवान्यांना बसलेला माणूस आहे. तरी पत्राचा सल्ला काय, तर गुलामाशी सौम्यपणे वाग, त्याला आपल्यासोबत जेवायला बसव. मालकी सोड, असं तो म्हणत नाही. खरी गुलामी वासनेची, लोभाची, भीतीची. ती सगळ्यांनाच आहे, हे त्याचं पुढचं पाऊल. माझा राग या पावलावर आहे. मालकही मनाने गुलाम, असं म्हटलं की छडी खाणाऱ्याचं दुःख बघता बघता उपमेत विरून जातं. एपिक्टेटसही स्वातंत्र्य मनातच शोधतो, पण त्याचं मला वेगळं वाटतं. ज्याच्या हातात दुसरं काहीच नव्हतं त्याने मन राखलं, ही झुंज आहे. तेच वाक्य शेकडो गुलामांच्या धन्याच्या तोंडी आलं की त्याची सोय होते.

तू म्हणशील, रोममध्ये निदान सुटका तरी होती. होती. प्रसिद्ध रोमन वक्ता सिसरो याचा लेखनिक टायरो सुटला. रीतसर मुक्त झालेला गुलाम रोमन नागरिक व्हायचा. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना रोमची हीच बाजू पुढे ठेवली, की तिथला गुलाम वैद्य, शिक्षक, ग्रंथपाल होऊ शकत होता, आणि आपल्याकडची प्रथा अधिक क्रूर ठरवली. ते मला पटतं. पण खाणीत जुंपलेल्यांना टायरोचं नशीब कुठलं? आणि सम्राट ऑगस्टसच्या काळात तर मृत्युपत्राने किती गुलाम सोडायचे यावरही मर्यादा आली, कितीही असले तरी जास्तीत जास्त १००.

धर्माने तरी काही बदललं का, हा तुझा दुसरा प्रश्न. रोमच्या संग्रहालयात चौथ्या-पाचव्या शतकातला गळ्यातला लोखंडी पट्टा आहे, त्याला बिल्ला लटकवलेला. त्यावर कोरलंय, ‘मी पळालोय, मला धर. माझा मालक झोनिनस याच्याकडे परत नेलंस तर सोन्याचं नाणं मिळेल.’ पळालेल्याच्याच तोंडी हे शब्द घातलेत! तोवर साम्राज्य ख्रिस्ती झालं होतं आणि अशा काही पट्ट्यांवर ख्रिस्ताची खूणही सापडते. ‘दास नाही, स्वतंत्र नाही’ हे बायबलमधलं पौलाचं वचन चर्चमध्ये वाचलं जात असतानाच हे घडत होतं.

मात्र त्याच चौथ्या शतकात निसाचा बिशप ग्रेगरी प्रवचनात थेट मालकांनाच विचारतो, की माणूस म्हणजे देवाची प्रतिमा, तिची किंमत किती लावलीत? माणूस विकत घेणं हाच त्याच्या लेखी अपराध आहे, नंतर त्याला तुम्ही कसं वागवता हा पुढचा प्रश्न. प्राचीन जगातून इतकं रोखठोक बोलणारा दुसरा आवाज मला आजवर भेटलेला नाही, आणि त्याचं नाव तुझ्या-माझ्या वाचनात इतक्या उशिरा यावं याचं वाईट वाटतं.

सेनेका टाकून दे असं मी म्हणत नाही. सत्तेचाळिसावं पत्र वाच आणि लगेच टॅसिटसच्या ‘ॲनल्स’ या इतिहासाच्या चौदाव्या भागातली ४२ ते ४५ ही प्रकरणं वाच, याच क्रमाने. ग्रेगरीचं प्रवचन मी पुढच्या टपालाने पाठवतो. वाचून झाल्यावर भांडायला ये, दिवाळीपर्यंत थांबू नकोस. वहिनींना नमस्कार, काकूंची तब्येत कळव.

तुझा,
श्रीधर