हातावरची गाठ म्हणजे क्षयरोग नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला प्रतिकारशक्तीवरचा लेख वाचला. लेख बरा होता, पण सारा भर अँटिबॉडींवर, म्हणजे जंतूंना चिकटणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांवर. टी पेशींच्या, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या, वाट्याला जेमतेम एक ओळ आली. मी सरकारी लॅबमधून टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी क्षयाच्या थुंकीच्या काचा रंगवण्यात गेली, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवेना.

क्षयाचा जंतू महाबिलंदर. श्वासाबरोबर फुप्फुसात गेला की भक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशीतले पाचक रस तो स्वतःपर्यंत पोहोचूच देत नाही आणि तिथेच वाढत राहतो. अँटिबॉडी पेशीच्या बाहेर फिरणाऱ्या, आत लपलेल्याचे त्या काय करणार? इथे टी पेशीच लागतात. जंतूचे तुकडे छातीतल्या लसिका ग्रंथींत पोहोचतात, ते ओळखणाऱ्या मोजक्या टी पेशी तिथे भराभर वाढतात, मग फुप्फुसात येऊन इंटरफेरॉन गॅमा नावाचे निरोप देणारे प्रथिन सोडतात. त्याने भक्षक पेशींना जोर येतो आणि गिळलेले जंतू त्या मारू लागतात. जे उरतात त्यांच्याभोवती पेशींचे कडे पडते. लागण झालेल्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक जणांना जन्मात क्षयरोग होत नाही, तो या पहाऱ्यामुळे. एचआयव्हीत नेमक्या याच कामाच्या, सीडी ४ जातीच्या टी पेशी घटतात, म्हणून तिथे क्षय उसळतो. संधिवाताची काही इंजेक्शने हेच कडे सैल करतात, म्हणून ती देण्याआधी डॉक्टर क्षयाची तपासणी करायला लावतात.

रक्तातल्या अँटिबॉडी पाहून क्षय सांगणारी किट्स एके काळी खासगी लॅबमध्ये सर्रास चालत. निरोगी माणसाला क्षय ठरवायचे आणि रोग्याला ‘निल’, असा तो कारभार! २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नका म्हणून बजावले, २०१२ मध्ये आपल्या सरकारने बंदीच घातली.

क्षयाची लागण पाहणाऱ्या मॉन्टू या कातडीवरच्या टेस्टमध्ये टी पेशींची जुनी ओळख तपासली जाते. हाताच्या आतल्या बाजूला ०.१ मिली ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंच्या प्रथिनांचा अर्क, कातडीतच टोचायचे आणि ४८ ते ७२ तासांनी पाहायचे. ओळखीच्या टी पेशी तिथे गोळा होऊन टणक गाठ उठायला तेवढा वेळ लागतोच. दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात उभ्या राहणाऱ्यांना मी परत पाठवत असे. लाली मोजायची नसते. बोटाने चाचपून टणक भाग सुरू होतो तिथे बॉलपेनने खूण करायची, तशीच पलीकडच्या कडेला, आणि मधले अंतर हाताला आडवे मोजायचे. लाल चकत्यावर पट्टी टेकवून मोकळे होणारे महाभागही मी पाहिले आहेत.

आमच्या कॉलनीतल्या नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचे वडील सध्या क्षयाच्या औषधांवर आहेत. तिची मॉन्टूची गाठ भरली १४ मिमी. खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ. तरी घरात तिचे ताट-भांडे वेगळे झाले आणि सांगून आलेले स्थळ परत गेले. त्या गाठीचा अर्थ इतकाच, की तिच्या टी पेशींची या जंतूशी आधी गाठ पडली आहे. नुसती लागण असलेल्या माणसाकडून कुणालाही काही लागत नाही. आजार नाही याची खात्री करून घरच्या माणसांना प्रतिबंधक गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत देतात. तिने त्या घ्याव्यात, विषय संपला.

उलटेही घडते. बरगड्या मोजता येतील अशा पोराला क्षय असूनही हातावर काही उठत नाही, कारण उपासमारीने टी पेशीच दुबळ्या पडलेल्या असतात. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि पोषक गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’मध्ये २०२३ साली हे छापून आले आहे. आपल्या त्याच पुरवणीत मात्र मागे अर्धे पान ‘इम्युनिटी’ वाढवणाऱ्या पावडरीची जाहिरात! त्या डब्याच्या किमतीत एखाद्या घरात महिन्याची डाळ येईल.

जाहिराती छापू नका असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण मॉन्टूचा रिपोर्ट कसा वाचावा, हे छातीच्या एखाद्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन पुढच्या पुरवणीत छापावे, ही विनंती. त्या मुलीच्या घरी आपलाच पेपर येतो.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सोलापूर