किरणोत्सर्गी कांदा म्हणे!

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देतात, त्या बातमीवर कालच्या पुरवणीत केवढ्या ठसठशीत अक्षरात "किरणोत्सर्गी कांदा" छापलंत. खाली कुठंतरी बारीक टायपात धोका नाही असंही आहे म्हणा, पण तिथपर्यंत वाचतंय कोण. आमच्या हिनं नुसता मथळा वाचला आणि पेपर माझ्यापुढं आपटला, कारण हे आम्ही भोगलंय.

हिचा बचत गट मार्केट यार्डातून राजापुरी हळकुंडं घेऊन हळद दळतो. पहिल्या वर्षी पावसाळ्यात निम्म्या पाकिटांत किडे झाले. दुसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याच्या मालाबरोबर पाकिटं वाशीला पाठवली, तिथं कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतात, मसाल्याला ६ ते १४ किलोग्रे (किलोग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), किडेही मरतात आणि जंतूही. वर्षभर एक किडा नाही. पण नियमानं पाकिटावर ते हिरवं गोल चिन्ह छापावंच लागतं ना. पुण्याच्या प्रदर्शनात एका बाईंनी पाकीट उचललं, चिन्ह बघितलं आणि विंचू हाताला लागल्यागत खाली टाकलं, "अहो यात रेडिएशन आहे!" ही सांगतीय, बाई, वाळवण उन्हात घातलं म्हणून पापड रात्री उजेड देतोय का, किरण येतात, काम करतात, जातात, मागं काय राहत नाही. ऐकतंय कोण. शेजारच्या स्टॉलवरची सुट्टी, पिवळीजर्द हळद घेऊन गेल्या. त्या स्टॉलवाल्यानं संध्याकाळी साबणानं हात धुतले तर हात पिवळेच्या पिवळे. खरी हळद साबणाला लाल होते हे सांगलीत शेंबड्या पोरालाही माहितीय. पण त्या हळदीवर चिन्ह नव्हतं ना, मग चांगलीच असणार!

लासलगावला २००२ पासून असंच किरण द्यायचं केंद्र आहे, कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ०.२ किलोग्रेच्या आतच डोस असतो, म्हणजे आमच्या हळदीच्या मानानं काहीच नाही. अमेरिकेला २००७ पासून हापूस असेच किरण देऊन जातो, तेव्हा किरणोत्सर्गी आंबा असं कुणी छापलं नाही ते. छापायचंच होतं तर हे छापा की भिजका कांदा किरणांनी सडायचा थांबत नाही, शेतकऱ्याचं खरं दुखणं तिथं आहे.

आणि जाता जाता, सोमवारच्या शब्दकोड्याचं उत्तर मंगळवारी येतच नाही, गुरुवारी येतं ते भलत्याच कोड्याचं. तेवढं बघा.

आपला,
एक जुना वाचक, विश्रामबाग, सांगली