‘जेवूनच निघा’ म्हणताना घाट आठवावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यातल्या शाळा उघडतात, आणि त्याआधीच्या रविवारी रात्री चोर्ला, आंबोली आणि अनमोड या तिन्ही घाटांत गोव्याच्या नंबरप्लेटी एकामागोमाग एक उतरताना दिसतात. आजोळ बेळगावकडे, खानापूरकडे, गडहिंग्लज-कोल्हापूरकडे. डिकीत आंबे, फणस, पापडांचे डबे आणि मागच्या सीटवर तीन मुले आडवीतिडवी झोपलेली. आम्हा दोघांपैकी एकाचा धंदा भाड्याची गाडी चालवण्याचा आहे आणि दुसरीचा प्राथमिक शाळेत शिकवण्याचा. या प्रवासाची रात्र एकाला ठाऊक आहे, सकाळ दुसरीला. चतुर्थी, दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीनंतरही हेच होते, म्हणून हे पत्र.

उशीर रस्त्यावर होत नाही, तो घरातून निघतानाच झालेला असतो. ठरते चार वाजता निघायचे. मग चहा, मग ‘मावशी येतेय, भेटून जा’, मग ‘आता जेवूनच निघा’. नऊ वाजतात. बेळगावहून जांबोटी-कणकुंबी-चोर्लामार्गे पणजी तीन-साडेतीन तास, कोल्हापूरहून आजरा-आंबोलीमार्गे पाच तास. मुले सोबत असली की दर दोन तासांनी एक थांबा, आणि तो वीस मिनिटांखाली कधी आटपत नाही. म्हणजे बेळगावची गाडी पणजीत एकच्या सुमारास, कोल्हापूरची तीनच्या सुमारास. रात्री दोन ते पहाटे सहा हा झोपेचा सर्वांत जड काळ असतो. दिवसभर पाहुणचारात गेलेला आणि भरपेट जेवलेला चालक नेमका तेव्हा स्टिअरिंगवर बसलेला असतो.

यावर आमचे म्हणणे एकच आहे. रविवारी संध्याकाळी निघण्यापेक्षा रविवारी पहाटे साडेपाच-सहाला निघा. शनिवारी रात्री सामान भरून ठेवा, चालकाने दहाला झोपावे, सकाळी मुलांना अर्धवट झोपेतच गाडीत बसवा. बेळगावची मंडळी दहाच्या आत घरी पोचतात, कोल्हापूरची फार तर बारापर्यंत. दुपारची पंगत चुकते खरी, पण ती शनिवारी घालता येते. यजमानांनी आग्रह करायचाच असेल तर शनिवारी राहण्याचा करावा.

तरीही रात्रीचा प्रवास टळत नाही, सुट्टी मिळत नाही, हे मान्य. मग निदान तो नीट करावा.

सुरुवात डिकीपासून. पाच माणसे आणि भरलेली डिकी असली की गाडीचा मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो, आणि हेडलाइटचा झोत रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाटात समोरचे सगळे अप्पर-डिप्पर करत राहतात आणि आपल्याला वाटते, हे उगाच काय छळतात! बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. ती रिकाम्या गाडीला ० वर, भरलेल्या गाडीला २ किंवा ३ वर ठेवायची. निम्म्या लोकांनी तिला कधी हातही लावलेला नसतो. टायरमधली हवाही तशीच. चालकाच्या दाराच्या खांबावर जो कागद चिकटवलेला असतो, त्यावर भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरांचा वेगळा, जास्तीचा आकडा असतो. हवा टायर गार असताना, निघण्याच्या सकाळीच भरावी. वायपरची रबरे उन्हाळाभर उन्हात कडक होतात आणि पहिल्याच पावसात काच पुसण्याऐवजी फासतात. ती मे महिन्यातच बदलावीत. फणस आणि डबे मागच्या काचेसमोरच्या फळीवर ठेवू नयेत. जोरात ब्रेक लागला तर ते मुलांच्या डोक्यावर येतात.

आता मुले. झोपलेल्या मुलाचा पट्टा काढून त्याला सीटवर आडवे करणे, ही माया नव्हे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १५ किलोच्या मुलाचा भार दोनशे किलोच्या घरात जातो. तेवढे वजन कोणत्याही आईच्या हातांना धरून ठेवता येणार नाही. आपल्याच पट्ट्यात मुलाला मांडीवर बांधणे तर त्याहून वाईट, कारण आईचे सगळे वजन पट्ट्यासकट मुलावर येते. तान्ह्या मुलाचे आसन मागे तोंड करून मागच्या सीटवरच बसवावे. पुढे एअरबॅग चालू असताना ते कधीच ठेवू नये. मोठ्या मुलाची उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर, म्हणजे त्याला उंच बसवणारे आसन, लागतो. पट्टा खांद्याच्या हाडावरून आणि खाली मांड्यांच्या मुळाशी बसला पाहिजे, मानेवर किंवा पोटावर नाही. मूल झोपले की घसरते आणि पट्टा पोटावर चढतो, म्हणून मागे बसलेल्या मोठ्या माणसाचे काम गप्पा मारण्याचे नसून दर पंधरा मिनिटांनी हात लावून पट्टा खाली ओढण्याचे आहे. मान कलंडू नये म्हणून बाजूला टॉवेलची गुंडाळी द्या, पाठीमागे जाड उशी देऊ नका. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा त्याच्या आसनाविना असेल तर कायद्याने हजार रुपये दंड आहे, पण रात्री घाटात पोलीस नसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

उलटीचे तंत्रही सोपे आहे. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना वळणे जास्त लागतात. निघण्याआधी तासभर हलके खायला द्यावे: चपाती, केळे, मऊ भात. भजी, श्रीखंड आणि वर आमरस हे घाटाच्या निम्म्यावर बाहेर येणारच. रात्री बाहेर क्षितिज दिसत नाही, त्यामुळे डोळे मोबाइलवर आणि कान वळणावर, अशी ओढाताण होते आणि मळमळ वाढते. जांबोटी किंवा आजरा सोडले की मोबाइल बंद. उलटीचे औषध द्यायचेच तर ते मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याआधी अर्धा तास. उलटी सुरू झाल्यावर दिलेले औषध उलटीबरोबरच पडते. ‘गाडीत शांत झोपेल’ म्हणून खोकल्याचे औषध पाजणारे पालक आहेत. हे अजिबात करू नये.

घाटाबद्दल चार गोष्टी. ज्या गियरने चढ चढाल त्याच गियरने उतार उतरावा, म्हणजे बहुधा दुसऱ्या. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर चाके तापतात, जळका वास येतो आणि ब्रेक मऊ पडतो. ऑटोमॅटिक गाडीतही ‘डी’ सोडून खालचा गियर पकडता येतो, गाडीचे पुस्तक एकदा उघडून पाहावे. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. पहिला पाऊस सर्वांत निसरडा, कारण उन्हाळाभर सांडलेले तेल आणि धूळ यांचा चिखल रस्त्यावर पसरतो. दोन-चार जोरदार सरींनंतर तो धुऊन जातो. धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, तेव्हा डिप्परच. आणि गवे! चोर्ला, आंबोली आणि अनमोडखालचे मोले या तिन्हीकडे ते रात्री रस्ता ओलांडतात. एक दिसला की मागे कळप आहे असे धरून चालावे. लांब थांबा, डिप्पर ठेवा, हॉर्न वाजवू नका, शेवटचा जाईपर्यंत पाच मिनिटे गेली तर जाऊ द्या.

पाच माणसांच्या श्वासाने बंद गाडीची काच आतून धुरकटते. पुसत बसू नका. एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करा. ते बटण तासन्‌तास चालू राहिले तर आतली हवा शिळी होते आणि चालकालाही पेंग येते.

मात्र आमच्या मते खरा धोका घाटात नाही. घाटात चालक जागा असतो, कारण त्याला भीती वाटते. केरी आली, साखळीचे दिवे दिसले, किंवा पत्रादेवीचा नाका मागे पडला, मोलेचा नाका ओलांडला, की ‘आलोच घरी’ म्हणून सगळे सैल होतात. मुलांचे पट्टे निघतात, बायको डोळे मिटते, गाडीचा वेग साठ-सत्तरवर जातो. ताशी ६० ला तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर आंधळा प्रवास. आणि याच सपाट पट्ट्यात पावसाळ्यात गुरे डांबरावर बसलेली असतात, कारण कडेचे गवत ओले आणि डांबर त्यातल्या त्यात कोरडे. काळी म्हैस ओल्या डांबरावर वीस मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात वेग चाळीसवर आणा, पुढच्या सीटवरच्या माणसाला जागे ठेवा.

रस्त्यावरची एकच पाटी दोनदा वाचावी लागली, मागचे वळण कधी गेले ते आठवेना, लेनच्या पट्टीवर चाक गेले: यांतले एक जरी झाले तरी थांबायचे. काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे यांनी झोप जात नाही, पाच मिनिटे लपते. उजेडातला पेट्रोलपंप किंवा खानावळ गाठा, आधी कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटे झोपा. कॉफी लागू पडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर पाच मिनिटे चालून मगच चावी फिरवा. झोपताना इंजिन बंद आणि काच थोडी खाली. इंजिन चालू ठेवून एसीत सगळे कुटुंब झोपले तर धुरातला विषारी वायू आत साचू शकतो, त्याला ना वास ना रंग.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाचे अर्धे तिकीट काढले तर त्याला बर्थ मिळत नाही. रात्रीच्या गाडीला पूर्ण भाडे भरून बर्थ घ्यावा. थिवी आणि करमळीला गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबते, त्यामुळे सावंतवाडी सोडताच मुलांना जागे करून चपला घालाव्यात. रेल्वेच्या १३९ या फोन क्रमांकावर उतरण्याच्या स्टेशनाची सूचना लावता येते. उशिरा उतरल्यावर कदंबची सरकारी बस मिळेल या भरवशावर राहू नये, टॅक्सी दुपारीच ठरवावी. पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटरसायकलवर झोपाळू मूल आणि बॅग घेऊन बसणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. स्लीपर बसमध्ये मुलाला खालच्या बर्थवर, खिडकीच्या बाजूला, पाय चालकाच्या दिशेला करून निजवावे. पहाटे म्हापशाला बस सोडून स्कूटरवर घरी जाणाऱ्यांनी मुलाला आधी पूर्ण जागे करावे, तोंडावर पाणी मारून. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालकाला जोडणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा हा फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला नियम आहे.

घर महिनाभर बंद असते. दार उघडण्याआधी पायरीवर आणि चपलांच्या फडताळात बॅटरी मारावी, पहिल्या पावसात साप आडोसा शोधतात. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटणसुद्धा न दाबता आधी खिडक्या उघडाव्यात. मुलांचे पाय धुऊन कपडे बदला आणि थेट झोपवा. मध्यरात्री अंघोळ, दूध, दप्तर काही नको. दप्तर, गणवेश, बूट, रेनकोट हे सुट्टीला जाण्याआधीच एका पिशवीत भरून ठेवलेले असावे, आणि अंथरुणे प्लास्टिकमध्ये बांधलेली, नाहीतर जूनमध्ये त्यांना बुरशीचा वास येतोच.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते. रात्री दीडला निजून साडेसहाला उठवलेले मूल प्रार्थनेला उभे राहते ते डोळे मिटूनच. दहाच्या सुमारास ‘टीचर, पोटात दुखतंय’ सुरू होते, मधल्या सुट्टीत डबा तसाच परत येतो. अशा मुलाला त्या दिवशी काही शिकवता येत नाही. गाडी बारानंतर पोचली असेल तर पालकांनी सोमवारी सकाळी मुलाला झोपू द्यावे, मुख्याध्यापकांना संदेश पाठवावा आणि मंगळवारी वेळेवर आणावे. सुट्टीभर दहाला उठणाऱ्या मुलाला निदान शेवटचे चार-पाच दिवस आजोळीच रोज वीस मिनिटे आधी उठवत आणले, तर हा सोमवार सोपा जातो.

आणि शाळांना विनंती. पहिल्या दिवशी सुट्टीतल्या अभ्यासाची तपासणी, वह्या जमा करणे, चाचणी असे काही ठेवू नये. पालक रात्री दोनला घाट उतरतात त्यामागे पुष्कळदा तीच धास्ती असते. पुस्तके-वह्यांची यादी शाळा सुटण्याच्या शेवटच्या दिवशी द्यावी, म्हणजे रविवारी दुकान गाठण्याची घाई राहत नाही. ते जमत नसेल तर पहिल्या सोमवारी उशिरा आलेल्या मुलाला निदान वर्गाबाहेर उभे करू नये.

आपले,
एक वाहनचालक व एक प्राथमिक शिक्षिका
साखळी, गोवा